काळ्या गोट्यांचा किनारा

आइसलंड बेटाच्या पश्चिमेला स्नायफेल्स्नेस नावाचा एक लांबट, चिंचोळा भूभाग समुद्रात शिरला आहे. त्याच्या टोकाशी, हिमाच्छादित ज्वालामुखीच्या पायथ्याला, द्यूपालोनसांदुर नावाचा एक लहानसा किनारा आहे. ह्या लांबलचक नावाचा सरळ अर्थ ‘खोल डोहांची वाळू’ असा होतो. वाळूच्या आशेने तेथे गेलेला प्रवासी मात्र फसतो. त्याच्या पायांखाली असतात ते काळेभोर, गुळगुळीत, वाटोळे गोटे. काही सुपारीएवढे, काही अंड्याएवढे, तर काही नारळाएवढे. पाण्याने भिजले म्हणजे ते अभ्यंग झालेल्या शिवपिंडीसारखे चकाकतात, आणि वाळले म्हणजे पुसलेल्या दगडी पाटीसारखे करडे दिसतात. तेथील लोक त्यांना ‘द्यूपालोनचे मोती’ म्हणतात.

कोकणच्या किनाऱ्याशी परिचय असलेल्या माणसाला समुद्रकाठ म्हणजे पुळण, माडांच्या राया, संध्याकाळचा वारा आणि घोटाभर पाण्यात उभे राहण्याचे सुख एवढे ठाऊक असते. द्यूपालोनसांदुरला ह्यांतले काही नाही. झाड नाही, सावली नाही, गाव नाही, चहाचे दुकान नाही. पाण्यात पाय घालू नये असेच तेथे येणाऱ्यास बजावले जाते. तरीही दूरदूरची माणसे ह्या आडजागी येतात, तासभर गोट्यांवर अडखळत चालतात, आणि परतताना गप्प असतात. त्यांनी तेथे काय पाहिलेले असते, हे समजून घ्यावयाचे तर आधी तो दगड आणि ते पाणी ह्या दोहोंची ओळख करून घ्यावी लागते.

राजधानी रेक्याविकपासून हे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर दूर. उत्तर ध्रुववृत्त येथून दोनएक अंशच वर राहते. वाटेत वस्ती विरळ; साऱ्या देशाची लोकसंख्याच चार लाखांच्या आत. शेवटच्या टप्प्यात डोळ्यांपुढे सतत एक पर्वत असतो. त्याचे नाव स्नायफेल्सयोकुल, उंची १,४४६ मीटर. ज्यूल व्हर्नने १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कादंबरीत प्रवाशांना पृथ्वीच्या पोटात उतरविले ते ह्याच पर्वताच्या मुखातून. हा ज्वालामुखी शेवटचा जागा झाला त्याला सुमारे अठराशे वर्षे झाली. पण त्याने ओकलेला लाव्हा अजून चहूकडे पसरलेला आहे, आणि त्यावर जाड, मऊ शेवाळाखेरीज फारसे काही उगवत नाही.

गाडी वरच थांबते. तेथून किनाऱ्याकडे उतरणारी वाट ‘नाउतास्तीगुर’, म्हणजे ‘गुरांची वाट’, ह्या नावाने ओळखली जाते. दोन्ही बाजूंना लाव्ह्याच्या वेड्यावाकड्या भिंती. एका उभ्या खडकाला आरपार भोक आहे, आणि त्यातून नेमका बर्फाचा पर्वत दिसतो. थोडे खाली गेले की उजवीकडे दोन डोह लागतात. किनाऱ्याला नाव मिळाले ते ह्यांच्यामुळेच. एके काळी हे डोह अथांग समजले जात. प्रत्यक्ष मोजले तेव्हा खोली निघाली जेमतेम पाच मीटर! परंतु त्यांचे खरे नवल खोलीत नाही. त्यांचे पाणी गोडे आहे, आणि तरीही समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर त्याची पातळी वरखाली होते. लाव्ह्याचा खडक भेगाळ आणि सच्छिद्र असतो. त्यातून समुद्राचे जड खारे पाणी खालून आत शिरते, आणि हलके गोडे पाणी त्यावर तरंगत राहते. भरतीला खालचे वर रेटते, ओहोटीला खाली बसते. पावसाचे पाणी खडकात झिरपून नाहीसे होणाऱ्या ह्या मुलखात असा गोड्या पाण्याचा साठा म्हणजे केवढी दौलत, हे पुढे कळेल. मध्ययुगीन आइसलंडी आख्यानात बारदुर नावाचा एक अर्धा मानव, अर्धा राक्षस प्रथम ह्याच डोहाशी किनाऱ्याला लागला, आणि पुढे पर्वतात शिरून त्या मुलखाचा रक्षक बनला, अशी कथा आहे. कोकणातल्या माणसाला अशा रक्षकाचे नाव विचारावे लागणार नाही; तो ‘राखणदार’ म्हणून त्याला लगेच ओळखील.

आता गोट्यांकडे वळावयास हरकत नाही. हा दगड मराठी माणसाला परका नव्हे. सह्याद्री ज्याचा बनलेला आहे, आपले गड, वेरूळची लेणी आणि गावोगावची देवळे ज्यात कोरली किंवा ज्याने बांधली गेली, तोच हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. फरक वयाचा. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. स्नायफेल्सयोकुलच्या भोवतीचा बराचसा लाव्हा हजारांत मोजावा इतका कोवळा आहे. सह्याद्रीचा थोरला भाऊ म्हणावा तर त्याच्यामागे इतक्या वर्षांनी जन्मलेले हे शेंडेफळ!

मोठ्या कड्याचा तुकडा सुटून पाण्यात पडतो तेव्हा तो धारदार आणि कोनाकोनांचा असतो. लाट त्याला उचलते आणि दुसऱ्या दगडावर आपटते. सपाट अंगाला बसलेला मार पसरून जातो. कोपऱ्याला मागून आधार कमी, आणि मार मात्र अनेक बाजूंनी. म्हणून कोपरे आधी झडतात. पुढे झीज चालू राहते ती घासण्याने. दिवसाकाठी हजारो लाटा. प्रत्येक लाट गोट्यांना वर ढकलते आणि मागे ओढते. आपल्याकडे ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतात तोही असाच घडतो. मात्र नदी दगडाला एकाच दिशेने लोळवीत नेते, तर समुद्र त्याला त्याच जागी पुढेमागे सरकवीत राहतो. त्यामुळे समुद्राकाठचे गोटे पुष्कळदा थोडे चपटे असतात. ह्या घासण्यातून निघालेली भुकटी कोठे जाते? लाटा एवढ्या जोरकस असतात की बारीक कण काठाशी टिकतच नाहीत. ते दूर खोल पाण्यात वाहून जातात. जड ते तेवढे मागे राहते. नावात वाळू असूनही किनाऱ्यावर तिचा जवळजवळ अभाव का, ह्याचे उत्तर हेच.

गोट्यांच्या किनाऱ्याचा स्वभावही वाळूच्या किनाऱ्याहून वेगळा असतो. वाळूवर चढलेली लाट बरीचशी पृष्ठावरूनच परतते आणि परतताना वाळू मागे नेते. म्हणून पुळण सपाट आणि रुंद होते. गोट्यांवर चढलेल्या लाटेचे पाणी मधल्या फटींत जिरून जाते. वर आणलेला दगड खाली नेण्याइतके बळ परतणाऱ्या पाण्यात उरत नाही. म्हणून गोट्यांचा बांध उंच आणि उभा रचला जातो. ह्या उभेपणामुळे किनाऱ्यापासून चार पावलांवरच पाणी खोल होते, आणि मोठी लाट दूरवर न फुटता थेट काठाशी येऊन कोसळते. तिचा आवाज आधी धडाक्याचा. मग पाणी ओसरताना हजारो गोटे एकमेकांवर घरंगळतात तेव्हा मोठ्या कढईत चणे परतावेत तसा, पण कितीतरी पटींनी मोठा खडखडाट उठतो. तेथे गेलेल्याला दृश्यापेक्षाही हा आवाज अधिक दिवस आठवतो असे म्हणतात, आणि ते खरे मानावयास हरकत नाही.

नैऋत्येला तोंड करून उभे राहिले तर पुढे दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर मोकळा अटलांटिक पसरलेला आहे. दूरच्या वादळात उठलेली लाट येथवर येताना अडवणारे काही नाही. वरचे आकाश स्वच्छ, वारा मंद, आणि तरीही दहा-वीस लहान लाटांमागून एखादी लाट अचानक बांध ओलांडून वर येते. ह्याच देशाच्या दक्षिण किनाऱ्यावर रेनिसफ्यारा येथे अशा लाटांनी पर्यटकांना ओढून नेल्याच्या आणि त्यात माणसे दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. घरंगळत्या गोट्यांवर पाय रोवता येत नाही, हे त्यातले मोठे संकट.

आणि पाणी कमालीचे थंड. आखाती प्रवाहाची एक शाखा ह्या किनाऱ्याला स्पर्शून जाते म्हणून समुद्र गोठत नाही एवढेच. भर उन्हाळ्यातही त्याचे तपमान दहा-अकरा अंशांच्या वर क्वचित जाते. पाणी शरीरातील उष्णता हवेच्या पंचवीसपट वेगाने ओढून घेते. अशा पाण्यात अकस्मात पडलेल्या माणसाचा श्वास पहिल्या मिनिटातच अनावर होतो; त्या धापेत पाणी नाकातोंडात गेले तर तेथेच शेवट. त्यातून निभावला तरी दहाएक मिनिटांत हातापायांतले बळ जाते आणि दोर हाती असूनही मूठ वळत नाही. शरीर गारठून बेशुद्धी येते ती त्यानंतर. पट्टीचा पोहणाराही ह्या क्रमाला अपवाद नसतो.

ह्याच पाण्यावर माणसांची पोटे भरत होती. द्यूपालोनसांदुरपासून लाव्ह्यातून वीस-पंचवीस मिनिटे चालत गेले की द्रितविक नावाची खाडी लागते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, तीनशे वर्षे, हे आइसलंडमधील मासेमारीचे एक अत्यंत मोठे ठाणे होते. वसंतऋतूत तेथे चाळीस ते साठ होड्या लागत आणि दोनशेपासून सहाशेपर्यंत माणसे गोळा होत. दगड-मातीच्या खोपटांत राहावयाचे, पहाटे वल्ही मारीत उघड्या होडीतून बाहेर पडावयाचे, गळाने कॉड मासा धरावयाचा, आणि उन्हावाऱ्यात वाळवावयाचा. द्रितविकला गोडे पाणी नव्हते. ते आणावयाचे म्हणजे द्यूपालोनच्या डोहांवर यावयाचे. दोन्ही किनारे अशा रीतीने पाण्याच्या वाटेने एकमेकांस बांधलेले होते.

ह्या कोळ्यांचा पेहराव मेंढीच्या कातड्याचा असे, आणि पाणी आत शिरू नये म्हणून त्यावर माशांच्या यकृताचे तेल चोळीत. हातांत लोकरीचे मोजे. त्यांना प्रत्येकी दोन अंगठे. वल्ह्याच्या घासण्याने तळव्याकडील बाजू झिजली की मोजा उलटा फिरवून दुसऱ्या अंगठ्याने घालावयाचा! गरिबीने शोधलेल्या युक्त्यांत ह्या मोज्याचा मान वरचा लागावा. हवा बिघडली की दिवसचे दिवस होड्या किनाऱ्यावर पडून राहत. मग कुस्त्या होत, दगडांची चक्रव्यूहासारखी भुलभुलैया रचली जाई, आणि गोटे उचलण्याची चुरस लागे.

हे गोटे चार. द्यूपालोनसांदुरला वाट संपते तेथे, खडकाच्या आडोशाला, ते आजही पडलेले आहेत. सर्वांत मोठा फुल्स्तेर्कुर, म्हणजे ‘पुऱ्या बळाचा’. वजन १५४ किलो. आपल्या जुन्या मापाने चार मणांहून किंचित अधिक. दुसरा हाल्फस्तेर्कुर, ‘अर्ध्या बळाचा’, १०० किलो. तिसरा हाल्फद्रायतिंगुर, ५४ किलो. सिमेंटच्या भरल्या पोत्याहून थोडा जड. चौथा आम्लोदी, ‘दुबळा’, २३ किलो. शेजारी कमरेइतक्या उंचीचा एक खडक आहे. गोटा जमिनीवरून उचलून त्यावर ठेवावयाचा, अशी परीक्षा. तिसरा गोटा ज्याला खडकावर ठेवता येत नसे तो होडीत बसावयास नालायक ठरे.

मारुतीच्या देवळापुढचा वाटोळा गोटा उचलणारी तालमीतली पोरे आपल्या गावांनीही पाहिली आहेत. त्या उचलण्यात मान असतो, जत्रेतला नारळ आणि फेटा असतो. द्यूपालोनच्या उचलण्यात भाकरी होती. तिसऱ्या गोट्याच्या नावातच ते आले आहे. हाल्फद्रायतिंगुर म्हणजे अर्ध्या वाट्यावर होडीत घेतलेला पोरसवदा कोळी. धरलेल्या माशांचे वाटे करून घेण्याची रीत कोकणातल्या कोळ्यांना सांगावयास नको. ज्या पोराला हा दगड उचलता येई त्याला निदान अर्धा वाटा मिळे. ज्याला येत नसे त्याने घरी मेंढ्यांमागे जावे, आणि घरी मेंढ्या नसतील तर दुसऱ्याच्या दारी राबावे.

ही कसोटी निष्ठुर वाटते. पण ती लहरी नव्हती. उघडी होडी लाटांतून काठाला लावताना सर्वांनी एका क्षणी पाण्यात उड्या टाकून, पुढची लाट येण्याच्या आत, ती गोट्यांवर ओढून घ्यावी लागे. एक हात ढिला पडला तर होडी आडवी होई, आणि आडवी झालेली होडी सगळ्यांना घेऊन जाई. तांडेलाने माणूस निवडताना दया दाखविली तर तिची किंमत बाकीच्यांनी मोजावी लागे. माणसांची कीव न करणाऱ्या समुद्राच्या काठी माणसांनी हा न्याय काढला होता. ज्या पोराच्या वाट्याला ‘आम्लोदी’ हे नाव आले त्याची मान किती खाली गेली असेल, हा विचार तरीही मनातून जात नाही.

ह्या आम्लोदीचा एक दूरचा नातलग जगप्रसिद्ध आहे. डेन्मार्कच्या ज्या राजपुत्राने वेडाचे सोंग घेतले, आणि ज्याच्यावर पुढे शेक्सपिअरने ‘हॅम्लेट’ रचले, त्याचे नाव जुन्या आइसलंडी भाषेत आम्लोदी असेच आहे; वेडगळ, निकामी माणूस असा त्याचा अर्थ. साक्सो नावाच्या डॅनिश इतिहासकाराने इसवी सन १२००च्या सुमारास ही कथा लिहिली. त्यात सोबती ह्या राजपुत्राला समुद्राकाठची वाळू दाखवून हे पीठ आहे असे म्हणतात, तेव्हा हे समुद्राच्या वादळांनी दळलेले आहे असे उत्तर तो देतो. जुन्या आइसलंडी काव्यातही समुद्राला आम्लोदीचे जाते म्हटल्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो. गोटे घडविणाऱ्या समुद्राला जात्याची उपमा ह्या किनाऱ्यावर उभे राहून कोणासही सुचावी. ती आठशे वर्षांपूर्वीच, आणि वेड्याच्या तोंडी, सुचून गेलेली आहे.

गोट्यांवरून पुढे चालत गेले की काळ्या दगडांत तांबडे काहीतरी विखुरलेले दिसते. ते लोखंड आहे. गंजलेले पत्रे, वाकलेल्या पट्ट्या, यंत्रांचे तुकडे. इंग्लंडमधील ग्रिम्सबी बंदराची ‘एपाइन’ नावाची मासेमारी बोट १३ मार्च १९४८ रोजी ह्या किनाऱ्याशी फुटली. बोटीवर एकोणीस माणसे होती. आसपासच्या गावांतून आलेल्या बचाव-पथकांनी पाच जणांना वाचविले, चौदा बुडाली. तिला वाफेचे बळ होते, पोलादाचे अंग होते. काठ दिसत असताना ती माणसे गेली, आणि मधले पाणी थंड होते.

ब्रिटिश बोटी ह्या समुद्रात अनेक दशके येत होत्या. पुढे कॉड माशावरून दोन्ही देशांत १९५८ ते १९७६ पर्यंत तीन वेळा झगडा झाला, त्यात आइसलंडचे म्हणणे वरचढ ठरले, आणि ग्रिम्सबीच्या दर्यावर्दी वैभवाला उतार लागला. पण ह्या राजकारणाचा लवलेशही ते लोखंड पाहताना मनात येत नाही. ज्या देशाशी नंतर भांडण झाले त्याच देशाच्या शेतकऱ्या-कोळ्यांनी ती पाच माणसे ओढून काढली, आणि चौदांच्या स्मृतीसाठी त्यांच्या बोटीचे तुकडे जसेच्या तसे राहू दिले. तेथील फलक प्रवाशांना एवढेच सांगतो की हे अवशेष हलवू नका. लाटा मात्र ती विनंती मानीत नाहीत. पत्र्यांच्या कडा आता बोथट झाल्या आहेत. दगडावर जो संस्कार होतो तोच लोखंडावरही चालू आहे.

२००१ सालापासून हा सारा परिसर स्नायफेल्सयोकुल राष्ट्रीय उद्यानात मोडतो, आणि तेथील मोती उचलून नेण्यास मनाई आहे. ही मनाई आपल्या लोकांस थोडी अवघड वाटण्याजोगी आहे. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण घरी आणून देव्हाऱ्यात बसविणे ह्यात आपण पुण्य मानतो. प्रवाहाने घडविलेला सुंदर दगड दिसला की हात आपोआप पुढे जातो. शिवाय समुद्र रोज नवे गोटे घडवितोच आहे, मग एकाने काय बिघडते, असाही युक्तिवाद सुचतो. तो तोकडा आहे. आइसलंडला अलीकडे वर्षाकाठी वीस लाखांहून अधिक परदेशी पाहुणे येतात. कोनाकोनांच्या दगडाचा मोती होण्यास लागणारा काळ आणि तो खिशात टाकण्यास लागणारा क्षण ह्यांची बरोबरी कधी व्हावयाची नाही. गोट्यांचा हा बांध लाटेचे बळ आपल्या फटींत जिरवून मागच्या डोहांना आणि वाटेला आडोसा देतो, हीही गोष्ट आहेच.

ज्याला तेथे जावयाचे असेल त्याने मे ते सप्टेंबर हा काळ निवडावा; हिवाळ्यात दिवस चार-पाच तासांचा आणि वाट निसरडी. भरतीची वेळ आधी पाहून ठेवावी, जाड तळव्याचे बूट घालावेत, आणि समुद्राकडे पाठ करून छायाचित्र काढून घेण्याचा मोह आवरावा. परतताना वाटेच्या तोंडाशी ते चार गोटे पुन्हा भेटतात. साऱ्या किनाऱ्यावर एवढेच चार दगड हाताळण्याची मुभा आहे. कोरडे कपडे घातलेली, पोटभर जेवलेली माणसे हसत हसत आम्लोदी उचलतात, मग पाठ सांभाळीत हाल्फद्रायतिंगुरला हात घालतात. कोणाला तो खडकापर्यंत नेता येतो, कोणाला येत नाही. उचललेला गोटा मात्र प्रत्येकाने पुन्हा होता तेथेच ठेवावयाचा असतो.